कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर दुपारी ट्रिप मारतो. मुळात तो थंड राहतो तरी कशाने?

शिवारातला
नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे. शेडमध्ये छोटं प्रीकूलिंग (खुडलेला माल लगेच गार करायची खोली) आणि त्याला लागून कोल्ड रूम. सेमी-हर्मेटिक कॉम्प्रेसर (मोटर आणि पंप एकाच बोल्ट केलेल्या डब्यात), गॅस ४०४ए, कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारा कॉइल) हवेवरचा. रात्री आणि सकाळी मशीन बिनतक्रार चालतं. दुपारी एक वाजून गेला की कॉम्प्रेसर ट्रिप मारतो, अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप चालू होतो, थोडा वेळ चालतो, की पुन्हा ट्रिप. मार्च चालू आहे, खुडा चालू आहे, क्रेट येऊन पडतायत. मालाच्या पोटातली उष्णता पहिल्या काही तासांतच काढायची असते, नाहीतर देठ वाळायला लागतो आणि एक्स्पोर्टचा माल लोकलला जातो.

मेकॅनिक म्हणतो, कॉम्प्रेसरवर मोठा पंखा लावा. शेजारचे अण्णा म्हणतात, ओलं पोतं टाका. चुलतभाऊ म्हणतो, कॉम्प्रेसर गेल्यात जमा, नवा घ्या. नवा म्हणजे या हंगामाचा नफा गेला. म्हणून मला मुळापासून समजून घ्यायचंय. खोली थंड करणारं हे यंत्र स्वतः कशाने थंड राहतं?

नाशिककर_नंदू
कूलरलाच कूलर लावायची वेळ आली म्हणजे नाशकात उन्हाळा लागला! जाणकार येईपर्यंत पहिल्या बाकावर बसून घेतो.

रविवार_कारंजा
दादा, मी घरगुती फ्रिज आणि दुकानांचे डीप फ्रीझर दुरुस्त करतो. तुमचं मशीन मोठं आहे, पण तत्त्व तेच.

फ्रिजच्या काळ्या डब्यात मोटर आणि पंप दोन्ही सील केलेले असतात. मोटरला बाहेरची हवा लागतच नाही. तिला थंड करतो तो परत येणारा गॅस. फ्रीझरमधून गार होऊन आलेली वाफ आधी डब्यात शिरते, वायंडिंगवरून जाते, मोटरची उष्णता उचलते आणि मग सिलिंडरमध्ये ओढली जाते. दुसरं काम तेलाचं. ते बेअरिंगला वंगण देतं आणि आतली उष्णता उचलून डब्याच्या पत्र्यापर्यंत आणतं, तिथून ती हवेत जाते.

आता यातली मेख बघा. गॅस कमी झाला की लोकांना वाटतं, फक्त फ्रिज कमी थंड होईल. पण मोटरला गार करणारी वस्तूच कमी झालेली असते! फ्रिज थंड होत नाही म्हणून थर्मोस्टॅट मोटर बंद करत नाही, मोटर अखंड चालते, वरून गारवा नाही. मग मोटर वाचवणारा ओव्हरलोड स्विच टक् करून उडतो. गिऱ्हाईक सांगतं, 'कॉम्प्रेसर गरम होऊन बंद पडतोय, बदलून द्या.' अशा कितीतरी फ्रिजचं लीकेज काढून गॅस भरला की तोच कॉम्प्रेसर पुढे वर्षानुवर्षं चालतो.

तुम्ही सगळ्यात आधी गॅस बघा.

आजीचा_फ्रिज
मधे बोलते, माफ करा. आमच्या नव्या फ्रिजच्या मागे जाळी नाहीच आणि दोन्ही बाजू चांगल्याच तापतात. हे बिघडल्याचं लक्षण आहे का? आई रोज हात लावून बघते आणि मला फोन करते.

रविवार_कारंजा
ताई, आईंना सांगा, निर्धास्त राहा. नव्या फ्रिजमध्ये कंडेन्सरची नळी बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते. फ्रिजच्या आतली उष्णता बाहेर टाकायची जागाच ती. फक्त दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवा, फर्निचरवाल्याने कपाटात घट्ट बसवून दिला असेल तर ते कपाट थोडं सोडवून घ्या. आणि मागे खाली कॉम्प्रेसरजवळ साठलेली धूळ वर्षातून एकदा झटका, फ्रिजचा प्लग काढून.

पॉलिटेक्निक_सर
रविवार_कारंजा यांनी अगदी बरोबर सांगितलंय. मी त्यात थोडे आकडे घालतो.

समजा मोटर पाच किलोवॅट वीज घेते आणि तिची कार्यक्षमता ८५ टक्के आहे. म्हणजे सुमारे पाऊण किलोवॅट विजेची उष्णता मोटरच्या आतच होणार. एक इस्त्री बंद डब्यात दिवसभर चालू ठेवल्यासारखं आहे हे. ही उष्णता मुख्यतः सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणारा गॅस नेतो. गॅस किती नेतो हे दोन गोष्टींवर ठरतं: दर मिनिटाला किती वजनाचा गॅस येतो आणि तो येताना किती गार असतो.

सक्शनचं प्रेशर पडलं की गॅस विरळ होतो. सिलिंडर प्रत्येक फेऱ्यात तेवढीच जागा भरतो, पण त्यात वजन कमी. म्हणजे गारवा देणारा माल कमी. त्याच वेळी दाबाचं गुणोत्तर, म्हणजे बाहेर पडतानाचा दाब आत येतानाच्या दाबाच्या किती पट, ते वाढतं. ४०४ए गॅस बाष्पकात (खोलीतल्या गार कॉइलमध्ये) उणे ७ अंशांना उकळतोय आणि कंडेन्सरमध्ये ५० अंशांना द्रव होतोय असं धरा, तर निरपेक्ष दाबांचं गुणोत्तर पाचाच्या आसपास येतं. तेच सक्शन उणे २०ला पडलं आणि कंडेन्सर ५५वर चढला, तर गुणोत्तर साडेआठच्या घरात. जितकं जास्त दाबाल तितका गॅस तापतो. म्हणजे आत येणारा गारवा घटतो आणि आत तयार होणारी उष्णता वाढते.

म्हणून शिवारातला, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. कॉम्प्रेसर गरम होतो तिथे नजर लावून बसू नका. तो ज्या दोन टोकांना जोडलाय, सक्शन आणि कंडेन्सर, तिथे कारण शोधा.

अंबडचा_ऑपरेटर
सर, मान्य. पण हे सगळ्या कॉम्प्रेसरना लागू नाही. अमोनियाची गोष्ट वेगळी. माझी सगळी नोकरी अमोनिया प्लांटवर गेली, म्हणून सांगतो.

अमोनिया तांबं खातो. त्यामुळे तांब्याच्या वायंडिंगची मोटर त्यात बुडवून चालत नाही. कॉम्प्रेसर ओपन टाइप, मोटर बाहेर, मध्ये पट्टे किंवा कपलिंग. मोटर तिच्या पंख्यावर हवेने थंड होते. राहिला कॉम्प्रेसर. अमोनिया दाबला की इतर गॅसपेक्षा फार तापतो. शून्य अंशाच्या कोल्ड स्टोरेजवर, जिथे ४०४ए चा डिस्चार्ज (दाबून बाहेर पडणारा गरम गॅस) ७०–८० अंशांना निघेल, तिथे अमोनियाचा सहज ११०–१३० अंशांना निघतो. म्हणून पिस्टनच्या मशीनला हेडवर पाण्याचं जॅकेट असतं. कूलिंग टॉवरचं पाणी हेडमधून फिरतं. तेलासाठी वेगळा ऑइल कूलर. शिफ्टवर आलं की पहिलं काम म्हणजे जॅकेटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याला हात लावून बघायचं. पाणी कोमट हवं. गार आहे म्हणजे उष्णता घेतच नाही, आत क्षार चढलेत. कडकडीत आहे म्हणजे पाणी कमी पडतंय.

आणि मशीन बंद केलं की जॅकेटचं पाणीही बंद करायचं. नाहीतर गार पडलेल्या हेडमध्ये गॅसचा द्रव होतो आणि पुढच्या स्टार्टला व्हॉल्व्ह तुटतो.

आता मोठ्या ठिकाणी स्क्रू कॉम्प्रेसर आले. त्यात तर तेल थेट रोटरमध्ये सोडतात. तेच वंगण, तेच सील आणि उष्णताही तेच नेतं. अमोनिया असूनही डिस्चार्ज ८०–९०च्या आत राहतो. मग ते तेल सेपरेटरमध्ये वेगळं करून कूलरमध्ये गार करायचं आणि परत आत.

वाइनचा_विशाल
अंबडचे काका, हे वाचून मजा आली. गंगापूर रोडकडच्या एका वाइनरीत असतो मी. पांढऱ्या वाइनचा रस १२–१५ अंशांवर आंबवतो, टाकीच्या जॅकेटमधून ग्लायकॉल (न गोठणारं गार द्रावण) फिरतं. आमचा चिलर हंगामात रात्रंदिवस चालतो. आम्हाला पुरवठादाराने बजावलंय की ग्लायकॉलचं तापमान उगाच खाली ठेवू नका. लागतं त्यापेक्षा पाच अंश खाली सेट केलं की सक्शन पडतं, वीजही जास्त आणि कॉम्प्रेसरही तापतो. सरांचं गुणोत्तर इथे बरोबर लागू पडतं.

सातपूरकर
पंख्याला सगळे उडवून लावतायत, म्हणून लिहितो. पंखा निरुपयोगी नाही. काही सेमी-हर्मेटिकमध्ये सक्शनचा गॅस मोटरवरून जातच नाही, थेट सिलिंडरकडे जातो. त्यांची बॉडी पंख्याच्या हवेवरच थंड ठेवायची असते. आणि उणे २५ वगैरेच्या फ्रोजन कामात गॅस इतका विरळ येतो की सक्शनवर थंड होणाऱ्या मशीनलाही कंपनी हेडवर पंखा देते. मेकॅनिकने सांगितलं म्हणून ते चूक असं नाही.

पॉलिटेक्निक_सर
सातपूरकर, मुद्दा रास्त आहे. म्हणून त्यांच्या कॉम्प्रेसरचं मॅन्युअल बघावं. पण खोली शून्याच्या आसपास आणि कॉम्प्रेसर सक्शनवर थंड होणारा असेल, तर पंख्याशिवाय तो चालायलाच हवा. गेल्या हंगामात चालत होताच ना? मग यंदा काय बदललं ते शोधायचं. पंख्याने दुपार निभेल, पण गळती चालूच राहील.

मोहाडीची_मुक्ता
अण्णांच्या पोत्याबद्दल कुणी बोललंच नाही. आमच्याकडे पोतं कॉम्प्रेसरवर नाही, कंडेन्सरसमोर टांगतात. वाळ्याचा पडदाच म्हणा. एप्रिलच्या कोरड्या हवेत फरक चांगला पडतो, प्रेशर उतरलेलं गेजवर दिसतं.

सातपूरकर
ताई, कंडेन्सरसमोर आणि थोडं अंतर ठेवून असेल तर शास्त्राला धरून आहे. नाशिकची उन्हाळी हवा कोरडी, पाणी झपाझप उडतं, कंडेन्सरला गार हवा मिळते. पण पोतं हवा अडवत नाही ना, हे बघा. आणि बोअरचं पाणी थेट कॉइलवर उडू देऊ नका. निफाड-पिंपळगावकडचं पाणी जड आहे, पांढरा थर फिनांवर (कॉइलच्या पातळ पत्र्यांवर) बसला की तो निघत नाही.

कॉम्प्रेसरच्या बॉडीवर ओलं पोतं मात्र नकोच. टर्मिनल बॉक्स तिथेच असतो. ४१५ व्होल्ट आणि ओलं पोतं, माणूस जायचा.

खुडा_स्पेशल
बागवाल्यांसाठी एक सांगतो, हे मेकॅनिकला सुचत नाही. कंडेन्सर बागेच्या बाजूला तोंड करून लावलाय का? गंधकाची धुरळणी आणि बोर्डोची फवारणी वाऱ्याने येऊन कॉइलवर बसते. बोर्डोत मोरचूद असतं, म्हणजे तांबं. ओल असली की ते ॲल्युमिनियमच्या फिनांना कुरतडतं. गोडी छाटणीनंतरच्या फवारण्या आणि वर हंगामात ट्रॅक्टरची धूळ. टॉर्च पलीकडून मारा आणि अलीकडून बघा. उजेड दिसत नसेल तर हवाही जात नाही.

नाशिककर_नंदू
टॉर्चची परीक्षा आवडली. आमच्या सोसायटीत कॉलेज रोडला एसीचे आउटडोअर युनिट डक्टमध्ये एकावर एक टांगलेत, वरून कबुतरांची जाळी. खालच्याची गरम हवा वरचा ओढतो. पाचव्या मजल्यावरच्यांची तक्रार की आमचाच एसी का दमतो!

रविवार_कारंजा
नंदूभाऊ, एक गंमत सांगतो. स्प्लिट एसीचा रोटरी कॉम्प्रेसर फ्रिजच्या उलट असतो. त्याच्या डब्यात सक्शनचा नाही, डिस्चार्जचा गरम गॅस भरलेला असतो आणि मोटर त्यातच चालते. तो गॅस वायंडिंगपेक्षा थोडा गार असला तरी पुरतो. म्हणून एसीचा कॉम्प्रेसर हात पोळेल इतका तापतो आणि तरी ठणठणीत असतो. पण कंडेन्सरला हवा मिळाली नाही की त्याला सुटकाच नाही. पाचव्या मजल्यावाल्यांना सांगा, जाळी पुढे सरकवून घ्या.

जुना_नाशिककर
पंचवटीत आम्ही लहानपणी गच्चीवर झोपायचो, मेमध्येही पहाटे गोधडी लागायची. आता घरोघरी एसी. गाव वाढलं, झाडं गेली, काँक्रीट आलं. विषयाला सोडून झालं, पण बोलल्याशिवाय राहवलं नाही.

मोहाडीची_मुक्ता
विषयाला सोडून अजिबात नाही काका. कंडेन्सर शेवटी बाहेरच्याच हवेवर चालतो.

शिवारातला
सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी वाचलेलं सगळं डोक्यात घेऊन शेडमध्ये गेलो. जे दिसलं ते लिहितो.

टॉर्च मारला. खालचा एक तृतीयांश कॉइल पूर्ण बंद, पिवळट खरपुडी बसलीय. कंडेन्सरचं तोंड बागेकडेच आहे. सक्शनच्या पाइपावरचं काळं इन्सुलेशन छपराबाहेरच्या भागात उन्हाने तडकलंय, दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडून तांबं उघडं पडलंय. पाइप हाताला गार लागायला हवा तिथे कोमट लागतो. साइट ग्लासमध्ये (लाइनमधला द्रव गॅस दिसणाऱ्या काचेत) बुडबुडे धावतायत, थांबतच नाहीत. डिस्चार्ज पाइपवर कॉम्प्रेसरपासून वीतभर अंतरावर थर्मामीटर बांधला: ११८ अंश.

ट्रिप होतं तेव्हा हाय प्रेशरचा कटआउट उडत नाही. कॉम्प्रेसरच्या डब्यातलं मोटर प्रोटेक्शन उडतं.

पॉलिटेक्निक_सर
उत्तम. आता बोलायला काहीतरी हातात आलं.

डिस्चार्ज लाइनला तिथे १०७ अंश ही धोक्याची रेषा मानतात. आत व्हॉल्व्हजवळ गॅस त्याहून बराच गरम असतो आणि त्या उष्णतेत तेल काळं पडून जळायला लागतं. तुम्ही रेषेच्या पलीकडे आहात. या अवस्थेत हंगाम रेटू नका.

मोटर प्रोटेक्शनचे सेन्सर वायंडिंगमध्येच बसवलेले असतात. वायंडिंग निवायला वेळ लागतो, म्हणून अर्धा-पाऊण तास. म्हणजे मोटरचाच गारवा कमी पडतोय. बुडबुडे म्हणजे बहुधा गॅस कमी. उघडा पाइप म्हणजे जो काही गॅस येतोय तो दुपारच्या उन्हात रस्त्यातच तापतोय. वर कंडेन्सर तुंबलेला. सुपरहीट मोजलात का? कॉम्प्रेसरजवळ सक्शन पाइपचं तापमान घ्या आणि सक्शन प्रेशरवरून चार्टमध्ये गॅसचं उकळण्याचं तापमान बघा. हा फरक म्हणजे सुपरहीट, तो १०–१५ अंश असेल तर ठीक.

शिवारातला
सर, आत्ता मोजलं. ३२ येतंय.

अंबडचा_ऑपरेटर
भाऊ, मशीन बंद ठेव आणि माल आजच्या दिवस शेजारच्या स्टोरेजला हलव. भाड्याचे पैसे जातील, पण कॉम्प्रेसर वाचेल.

आणि एक. फेजमधलं व्होल्टेज क्लॅम्प मीटरने तपास, तिन्ही जोड्या, भर दुपारी. शेतीच्या फीडरवर तिन्ही फेज सारखे नसतात. फरक साडेतीन टक्के असला तरी वायंडिंगची तापमानवाढ पाव हिश्श्याने वाढते. गॅस भरूनही दुपारी तापत राहिलं तर तिथे बघ.

खुडा_स्पेशल
गॅस भरणाऱ्याला दोन गोष्टी सांगा. आधी नायट्रोजन भरून, साबणाचं पाणी लावून लीकेज काढ, नुसता वरून गॅस टाकू नकोस. दुसरं, ४०४ए हे मिश्रण आहे, सिलिंडरमधून द्रव रूपातच भरायचं, आणि तेही थेट कॉम्प्रेसरच्या तोंडात नाही.

सातपूरकर
आणि उत्साहात गॅस जास्तही भरू देऊ नका. काहींना कॉम्प्रेसरवर बर्फ चढलेला बघून बरं वाटतं, 'बघा कसा थंडगार चालतोय.' बॉडीवर बर्फ म्हणजे द्रव गॅस आत येतोय. तेल पातळ होतं, बेअरिंग कोरडी पडतात, द्रव दाबला जात नाही म्हणून व्हॉल्व्ह प्लेट फुटते. कॉम्प्रेसर कोमट-गरम असणं हेच त्याचं निरोगी लक्षण.

आजीचा_फ्रिज
मी फ्रिज विचारायला आले होते आणि आता रात्री अकरा वाजता व्हॉल्व्ह प्लेट वाचतेय. शिवारातला, काय झालं ते नक्की कळवा, आईही विचारतेय.

शिवारातला
कळवतो, ताई. काम झालं.

दुसरा माणूस बोलावला. लीकेज बाष्पकाकडे जाणाऱ्या लाइनच्या फ्लेअर नटला निघालं, तिथे तेलाचा डागही होता. नट काढून तोंड नव्याने केलं, व्हॅक्यूम मारून गॅस वजनावर भरला. कॉइल आतून बाहेर पाणी मारून धुतला, फिना वाकू नयेत म्हणून प्रेशर कमी ठेवून. सक्शनला जाड इन्सुलेशन घातलं आणि बाहेरच्या भागावर पत्र्याची खोळ चढवली, उंदरांसाठीही. फेजमध्ये फरक एक टक्क्याच्या आतच निघाला.

काल दुपारी तीन वाजता, बाहेर ३८ असताना, डिस्चार्ज ८४ आणि सुपरहीट १२. एकही ट्रिप नाही. पंखा नाही, पोतं नाही, नवा कॉम्प्रेसर नाही. कंडेन्सरच्या आणि बागेच्या मधे हवा अडणार नाही इतक्या अंतरावर शेडनेटचा आडोसा करतोय.

आता शेवटचा प्रश्न. कॉम्प्रेसरच्या तळाला एक हीटर आहे. या दुसऱ्या माणसाने विचारलं, 'हा चालू ठेवता ना?' आधीच्या माणसाने तो काढून ठेवला होता, उन्हाळ्यात काय करायचाय म्हणून. थंड ठेवायच्या यंत्राला हीटर का?

अंबडचा_ऑपरेटर
तो क्रँककेस हीटर. लगेच जोडून घे. मशीन बंद असताना गॅस हळूहळू तेलात विरघळत जातो, कॉम्प्रेसर जितका गार तितका जास्त. मग सुरू करताना दाब एकदम उतरतो, तेलाला फेस येतो आणि तेल पंपाला मिळतच नाही. हीटर तेल उबदार ठेवतो, गॅस त्यात टिकत नाही. चालताना तो आपोआप बंद असतो, मशीन थांबलं की लागतो.

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो, म्हणजे तुला तर हवाच. हंगाम संपल्यावर मेन स्विच बंद करून टाकलास तर हरकत नाही, पण पुढच्या वर्षी पहिल्या खुड्याच्या आदल्या दिवशीच स्विच टाक. हीटरला चोवीस तास मिळू देत, मग स्टार्टर दाब.